साल कुठलं, मॉडेल कुठलं?

जुनी इटालियन रेसिंग सायकल घेऊन माणूस दारात आला की त्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. ही कुठल्या सालची? आणि मॉडेल कुठलं? विचारणाऱ्याच्या डोक्यात मोटारीचं आरसी बुक असतं: कारखाना, चासी नंबर, वर्ष, मॉडेल, सगळं एका कागदावर. सायकलीला असा कागद नसतो. मिलानच्या आसपास पन्नासच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत ज्यांनी नावाजलेल्या फ्रेमा बांधल्या, त्यांतल्या कित्येकांचा कारखाना म्हणजे एक कारागीर, हाताखाली दोन-चार पोरं आणि गॅसची एक ज्योत. रजिस्टर ठेवायला वेळ कुणाला होता? ज्यांनी ठेवलं त्यांचंही पुढे रद्दीत गेलं. मग लोक सायकल उलटी करतात, पायडलांच्या मधल्या नळीवर ठोकलेला आकडा दिसला की हरखतात. तो आकडा बहुतेक वेळा फ्रेमचं माप असतो. ५६ म्हणजे छप्पन्न सेंटिमीटर, १९५६ नव्हे. हे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो, आणि आमच्या कामाला तिथून सुरुवात होते.

मी मिलानला आलो तो पॉलितेक्निकोत शिकायला. हातखर्चासाठी शहराच्या उत्तरेकडच्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात लागलो आणि तिथेच मुरलो. पुण्यात मामांचं भाड्याने सायकली द्यायचं दुकान होतं, त्यामुळे चिमटा, छर्रे, कॉटर पिन, फ्रीव्हील ही मंडळी लहानपणापासून ओळखीची. आमचे इथले मालक सत्तरीचे. दुरुस्तीबरोबरच जुन्या सायकलींचा खरेपणा पाहून लेखी अभिप्राय द्यायचं कामही ते करतात. हळूहळू ते काम माझ्याकडे आलं. त्यांनी मला घालून दिलेला पहिला नियम असा की सायकल आधी धुवायची नाही. वाळलेलं ग्रीस, हँडलच्या पट्टीखालची धूळ, पाना कुठे बसवून फिरवला त्याचे ओरखडे हे सगळं आधी बघायचं. गिऱ्हाईक घरूनच सायकल लख्ख पुसून आणतं तेव्हा मालक त्याला शाबासकी देतात आणि मागे वळून मला डोळा घालतात.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. सायकलीवरच्या गोष्टींचे दोन भाग करायचे: पान्याने निघतात त्या आणि ज्योतीशिवाय निघत नाहीत त्या. हँडल, ब्रेक, गिअर, चाकं, सीट हे सगळं दुपारभरात बदलता येतं, आणि पन्नास वर्षांत कुणी ना कुणी बदललेलंच असतं. फ्रेमला झाळून बसवलेले तुकडे मात्र सहसा बांधणाऱ्याच्या हातचे असतात. म्हणून सायकलीला एकच साल नसतं. फ्रेमचं साल वेगळं, पार्टांचं वेगळं, रंगाचं तिसरंच. लोकांना ही गोष्ट पटवणं हेच माझं अर्धं काम आहे.

तरी पाहणी मी पार्टांपासूनच सुरू करतो, कारण तिथे आकडे लिहिलेले सापडतात आणि त्याचं श्रेय काम्पान्योलोला. तुल्लिओ काम्पान्योलोने १९३३ साली व्हिचेन्झात सुरू केलेल्या या कंपनीचे गिअर, हब आणि क्रँक इटलीतल्या चांगल्या रेसिंग सायकलींवर वर्षानुवर्षं लागत राहिले. त्यांचा ‘नुओव्हो रेकॉर्ड’ नावाचा मागचा गिअर १९६७ ला आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याच्या वरच्या अंगावर ‘पेटंट’ असा शब्द आणि पुढे दोन आकडे कोरलेले असतात. ‘पेटंट ७४’ वाचून नवखा माणूस समजतो की १९७४ साली पेटंट मिळालं असणार. तसं नाही, तो गिअर बनल्याचं साल ते. जुन्या हबच्या लॉकनटवरही असेच दोन आकडे सापडतात, पण त्यासाठी नटावरचं काळं ग्रीस रॉकेलने सोडवून भिंगातून बघावं लागतं. क्रँकच्या मागच्या बाजूला, म्हणजे फ्रेमकडे तोंड करून असलेल्या अंगाला, एक बारीक आकडा असतो. तो शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत असेल तर सत्तरचं दशक, गोलात असेल तर ऐंशीचं. शंकरपाळ्यातला ६ म्हणजे १९७६. क्रँक जागेवर असताना हा आकडा दिसत नाही. बोटाच्या टोकाने चाचपून मी कधी कधी ओळखतो, मग खात्रीसाठी उतरवून बघतो.

आकडा झिजून गेलेला असला तरी क्रँक बोलतो. पुढच्या दातेरी चकत्या ज्या पाच बोल्टांनी धरलेल्या असतात, त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास आधी १५१ मिलिमीटर होता. १९६७ च्या सुमारास तो १४४ वर आला, कारण मोठ्या वर्तुळावर ४४ दातांपेक्षा लहान चकती बसत नव्हती आणि घाटात ती जड जाई. एक व्हर्निअर आणि दोन मिनिटं. १५१ निघाला की साठच्या दशकाच्या पलीकडे जायची गरज नाही, निदान त्या क्रँकपुरती.

निदान त्या क्रँकपुरती हे शब्द मी अभिप्रायात दरवेळी लिहितो. गिअरवर ७४ आहे म्हणून सायकल १९७४ ची, असं सरळ गणित इथे चालत नाही. दुकानदाराच्या खणात पार्ट वर्षभर पडून राहत. उलट, पडून मोडलेला गिअर दहा वर्षांनी बदलला जाई. पण हब, क्रँक आणि गिअर तिघांवर एकाच वर्षाचे किंवा लागोपाठच्या वर्षांचे आकडे निघाले, तर ती जुळणी सहसा एकत्रच झालेली असते आणि फ्रेमही त्याच सुमाराची असण्याची शक्यता वाढते. तिघांचे तीन दशकांतले आकडे निघाले, तर पार्ट बाजूला ठेवायचे आणि फ्रेमकडे वळायचं.

फ्रेमवर बघायचं ते केबल कशा नेल्या आहेत ते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या रेसिंग फ्रेमांवर फारसं काही झाळलेलं नसे. गिअरच्या दांड्या पट्ट्याने आवळून तिरप्या नळीवर बसवायच्या, बाटलीचा स्टँड पट्ट्याने, आणि मागच्या ब्रेकची केबल वरच्या नळीला तीन चकचकीत क्लिपांनी धरायची. आणखी भोकं नि तुकडे लावले तर पातळ नळी तापून कमजोर होते, असं जुन्या कारागिरांचं म्हणणं. पुढे बाटलीसाठी आट्यांची दोन भोकं आली, मग गिअरच्या दांड्यांचे खुंट थेट नळीला झाळले जाऊ लागले, दशकाच्या शेवटाकडे क्लिपा जाऊन वरच्या नळीवर केबलसाठी छोट्या वाहिन्या आल्या. गिअरच्या केबल आधी बीबीच्या, म्हणजे पायडलांच्या मधल्या, नळीवरून जात, ऐंशीच्या दशकात त्या खालून जाऊ लागल्या. त्याच दशकात पुढचा गिअर पट्ट्याऐवजी झाळलेल्या कानावर बसू लागला आणि काही फ्रेमांत ब्रेकची केबल नळीच्या पोटातून गेली. ही क्रमवारी कायदा नव्हे. गिऱ्हाइकाने सांगितलं तर कारागीर १९७३ मध्येही बाटलीची भोकं पाडून देई, आणि एखादा हट्टी म्हातारा १९८२ मध्येही क्लिपाच वापरी. पण पाच-सहा खुणा एकत्र घेतल्या तर चार-पाच वर्षांच्या आत पोचता येतं.

एक फसगत इथे वारंवार दिसते. जुनी फ्रेम पुन्हा रंगवायला दिली की सायकलीचा मालक म्हणे, रंग काढताच आहात तर खुंटही बसवा, केबलच्या वाहिन्याही बसवा. मग सत्तरच्या दशकातली फ्रेम ऐंशीचे दागिने घालून फिरू लागते. अशा वेळी जोडाची कडा बघावी. मूळ कारागिराने पितळ भरल्यावर कानस मारून कड एकसारखी केलेली असते. नंतरच्या दुरुस्तीत पितळेचा बारीक थेंब राहून जातो, कारण रंगाऱ्याच्या दुकानातल्या माणसाला घाई असते. मागच्या चाकाची रुंदीही अशीच फसवते. पाच गिअरच्या फ्रीव्हीलसाठी मागची जागा १२० मिलिमीटर, सहा-सातसाठी १२६, आठसाठी १३०. पण पोलाद वाकतं. ताकदीच्या हाताने १२० ची फ्रेम फाकवून १२६ करता येते, आणि हजारो लोकांनी ती केली आहे.

इथवर काही उलगडलं नाही तर मग खोलायचं. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. हँडलचा दांडा काढायचा, वरचा लॉकनट सोडायचा, खाली फडकं धरून चिमटा हळूच ओढायचा; फडकं विसरलं की छर्रे दुकानभर पळतात. चिमट्याच्या उभ्या नळीवर कबुतराचा शिक्का दिसला की नळ्या मिलानच्या कोलुम्बुसच्या. त्या नळीत खालून बोट घातलं की आतल्या भिंतीवर पाच वळणदार उंचवटे लागतात, बंदुकीच्या नळीत असतात तसे, फक्त आत खोदलेले नाहीत तर बाहेर आलेले. ज्या जागी चिमटा मोडण्याची भीती जास्त तिथे बळकटी मिळावी म्हणून ते ठेवलेले. ऐंशीच्या दशकात कोलुम्बुसने एसएलएक्स जातीच्या नळ्यांत हेच उंचवटे बीबीजवळच्या टोकांना आणले. म्हणून बीबी मोकळी केली की मी टॉर्च लावून नळ्यांच्या तोंडात बघतो. सीटच्या दांड्याचा व्यासही सांगतो. कोलुम्बुसच्याच एसएल नळ्यांना २७.२ मिलिमीटर, जरा जाड एसपी नळ्यांना त्याहून किंचित बारीक. आणि २६ च्या आसपास किंवा खाली गेला तर नळी जाड आणि साधी, बाहेर स्टिकर कितीही भारी असो.

बीबीचं सांगायचं राहिलं. इटालियन बीबीची नळी ७० मिलिमीटर रुंद, आट्यांचा व्यास ३६ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. मिलिमीटर आणि इंच एकाच नळीत नांदतात, याचं मला अजून हसू येतं. इंग्लिश नळी ६८ ची, आणि तिच्या चेनच्या बाजूचे आटे उलटे. त्याला कारण आहे: पायडल मारताना त्या बाजूचा कप उजव्या आट्यांत असेल तर हळूहळू सैल होत जातो. इटालियनांनी दोन्ही बाजूंना उजवेच आटे ठेवले आणि उजवा कप ताकदीने आवळण्यावर भिस्त ठेवली. म्हणून त्या कपाच्या कडेवर पान्याच्या जुन्या खुणा दिसल्या तर घाबरू नये, त्या हव्यातच.

स्टिकरांवर मात्र मी सगळ्यात शेवटी जातो. मूळचे ट्रान्सफर वार्निशच्या थराखाली असतात. नख फिरवलं तर कड लागत नाही आणि उन्हाने त्यांना बारीक तडे गेलेले असतात. आजचे नक्कल केलेले स्टिकर जाड, कड नखाला अडकते. आणि स्टिकर अस्सल असला तरी फ्रेम त्याच हातची असते असं नाही. एडी मर्क्सने मोल्तेनी संघाच्या केशरी सायकलींवर शर्यती मारल्या. त्यांवर नाव मर्क्सचं होतं, पण बांधल्या आधी कोल्नागोने आणि मग दे रोसाने. मर्क्सने स्वतःचा कारखाना १९८० साली काढला. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला ती सायकल कोल्नागोची, आणि त्या विक्रमावरूनच कोल्नागोच्या एका मॉडेलचं नाव ‘मेक्सिको’ पडलं. मासीचं आणखी वेगळं. फालिएरो मासी मिलानच्या व्हिगोरेल्ली वेलोड्रोमच्या आवारात फ्रेमा बांधत आणि १९७३ मध्ये त्यांचं नाव कॅलिफोर्नियात पोचलं. तेव्हापासून ‘मासी ग्रान क्रितेरिउम’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुठल्या खंडातली?

एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ पांढरी फ्रेम घेऊन आले. वर कोल्नागोचं नाव, किलवराच्या पानाची खूण आणि ‘मास्टर’ असं लिहिलेलं. कोल्नागोला ही किलवराची खूण मिळाली ती १९७० मध्ये दान्चेल्लीने कोल्नागोवर बसून मिलान–सान रेमो जिंकल्यानंतर; सतरा वर्षांनी इटलीच्या माणसाने ती शर्यत जिंकली होती. पण ‘मास्टर’ १९८३ च्या सुमाराचा, आणि त्याच्या नळ्या गोल नसतात. त्यांना लांबीभर खोबणी असतात, कापली तर तारेसारखा छेद दिसेल. या गृहस्थांच्या नळ्या शुद्ध गोल. वरच्या नळीवर क्लिपांचे डाग, केबल बीबीच्या वरून, बाटलीची भोकं एकाच नळीवर, बीबीच्या तळाला किलवराचं कापलेलं पान नाही. क्रँकवर शंकरपाळ्यातला ७, पण गिअरवर ८४. चिमट्याच्या मुळाशी, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता तिथे, पांढऱ्याखाली गडद लाल रंग होता.

गृहस्थ नाराज झाले. मी विचारलं, सायकल घरात कधी आली? म्हणाले, सासऱ्यांनी एका मित्राकडून १९८५ मध्ये घेतली. मग सगळं जुळलं. १९७७ च्या आसपास कुणीतरी चांगली फ्रेम बांधली, आठ वर्षांनी विकताना मित्राने नवा गिअर बसवला, पांढरा रंग मारून घेतला आणि त्या काळी दुकानात खपणारं सगळ्यात झोकदार नाव चिकटवलं. नळ्यांचे सांधे जोडणाऱ्या लगांचं कानसकाम इतकं सुबक होतं की मालकांनी ते मला दोनदा दाखवलं. अभिप्रायात लिहिलं: फ्रेम इटालियन, १९७६ ते ७९, बांधणारा अज्ञात, काम उत्तम. बांधणाऱ्याचं नाव न सापडणं हा त्या फ्रेमचा दोष नाही, असं माझं मत मी त्या दिवशी बोलून दाखवलं. गृहस्थांना ते पटलं नाही.

मॉडेलच्या प्रश्नाचं असंच आहे. मोठ्यांकडे कॅटलॉग होते: बियांकीची स्पेचालिस्सिमा, चिनेल्लीची सुपर कोर्सा, कोल्नागोची सुपर. तिथे मॉडेल सांगता येतं. चिनेल्लीच्या बाबतीत तर बोधचिन्हही मदत करतं. कंपनी १९७८ मध्ये अन्तोनिओ कोलोम्बोकडे गेली आणि लवकरच जुनी ढाल जाऊन इतालो लुपीने काढलेला पंखाचा सी आला. पण लहान दुकानात मॉडेल म्हणजे गिऱ्हाइकाने कुठले पार्ट निवडले ते, आणि ‘सुपर’ किंवा ‘प्रोफेशनल’ हे शब्द खणात उरलेल्या स्टिकरांवर अवलंबून. बांधणाऱ्याच्याच मनात जे नव्हतं ते शोधून द्यायचं काम आम्ही करतो, असं मला कधी कधी वाटतं.

मराठी गिऱ्हाइकंही आहेत, बहुतेक फोनवरची. न्यू जर्सीत राहणाऱ्या नाशिकच्या एका मुलाने आकाशी-हिरव्या बियांकीचे फोटो पाठवले. “दादा, सत्तरची इटालियन आहे म्हणून घेतली. बरोबर ना?” मी त्याला बीबीची रुंदी मोजायला सांगितली. ६८ आली. सीटच्या नळीवरच्या स्टिकरचा फोटो मागवला, तो जपानी तांगे नळ्यांचा निघाला. गिअर शिमानोचे. शिमानोचं काम जपानी शिस्तीचं: पार्टाच्या मागे दोन अक्षरं, पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं, आणि वर्षाची मोजणी १९७६ च्या ए पासून. त्याच्याकडे जी आणि डी होती, म्हणजे एप्रिल १९८२. ऐंशीच्या दशकात अमेरिकेसाठीच्या काही बियांकी जपानात बनत, ही त्यांतली. “म्हणजे मी फसलो का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, किंमत जास्त दिली असशील तर तेवढ्यापुरता. सायकल सरळ आहे, रोज चालव. त्याने पुढे विचारलं ते असं की मामांकडे भाड्याला अ‍ॅटलास होत्या की हर्क्युलिस. मग पाऊण तास त्यावरच गेला.

हल्ली साल विचारण्यामागे आणखी एक कारण आलं आहे. तोस्कानातल्या गायोले इन क्यान्ती गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ भरते. मातीच्या रस्त्यांवरून जुन्या सायकलींनी जायचं. १९८७ पूर्वीची रेसिंग सायकल हवी, गिअरच्या दांड्या तिरप्या नळीवर, ब्रेकच्या केबल हँडलच्या बाहेरून, पायडलांना पट्टे. या तीन खुणा कुणालाही दिसतात, त्याला माझ्या भिंगाची गरज नाही. तरी लोक येतात आणि १९७४ की ७५ यावर माझ्याशी भांडतात, कारण विकताना एक साल लिहिलं की किंमत वर जाते, चार वर्षांची रेंज लिहिली की खाली येते. मालकांचा कल गिऱ्हाइकाला खूश ठेवायचा. ते म्हणतात, मधलं साल लिही. मी लिहीत नाही. शेवटी आमच्यात तोडगा निघाला. छापील फॉर्मवर सालासाठी चार आकडे मावतील एवढाच चौकोन होता, तो मी छापखान्यात सांगून दुप्पट रुंद करून घेतला, आणि त्याखाली पार्टांच्या सालांसाठी वेगळी ओळ.